हातगुणाची परीक्षा

एखाद्या डॉक्टरांवर विश्वास बसला की आपल्याकडे लोक म्हणतात, ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ या बोलण्यात कृतज्ञता असते आणि ती खरीच असते. पण तो हात लागला नसता तर काय झाले असते, हे त्यातून कळत नाही. बॉस्टनच्या डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट यांना हा प्रश्न जन्मभर पुरला. त्यांनी आरंभलेल्या एका प्रयोगाचे सर्वांत धक्कादायक निष्कर्ष त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी हाती आले. मुलांच्या मनावरचे उपचार खरोखर उपयोगी पडतात का, हे कसे तपासावे, याचा सर्वांत मोठा धडा मला त्या प्रयोगाच्या कहाणीत सापडतो.

कॅबट हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले नामांकित डॉक्टर. आजाऱ्याच्या घरची परिस्थिती समजल्याशिवाय आजार समजत नाही, हे ओळखून त्यांनी १९०५ साली रुग्णालयात समाजसेविका नेमली. रुग्णालयीन समाजकार्याची अमेरिकेतली सुरुवात इथून मानतात. याच कॅबटांनी १९१२ साली तीन हजार शवविच्छेदनांचा हिशेब छापला. रुग्ण जिवंत असताना डॉक्टरांनी काय निदान केले होते आणि मृत्यूनंतर शरीरात प्रत्यक्ष काय आढळले, हे त्यांनी शेजारीशेजारी मांडले. कोणत्या आजारात निदान किती वेळा चुकते, हे आकड्यांत समोर आले. माणसांबद्दलची कळकळ आणि स्वतःच्या व्यवसायाच्या चुका मोजण्याचे धैर्य, या दोन्ही गोष्टी या एका माणसात एकत्र नांदत होत्या.

त्या काळात अमेरिकेत मुलांच्या मनाकडे नव्याने लक्ष जाऊ लागले होते. १८९६ साली लायटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. १९०९ मध्ये विल्यम हिली यांनी शिकागोत बालगुन्हेगारांच्या अभ्यासासाठी संस्था सुरू केली. १९२० च्या दशकात शहराशहरांत बालमार्गदर्शन केंद्रे निघाली. बिछाना ओला करणारी, शाळेला न जाणारी, चोऱ्या करणारी, आईला न सोडणारी मुले तिथे येत. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेविका मिळून त्यांचा विचार करत. वर्षाअखेरीस अहवाल निघे, त्यात इतकी मुले सुधारली, इतकी थोडी सुधारली, इतकी तशीच राहिली, असे लिहिलेले असे. हा निवाडा ज्यांनी उपचार केले तेच देत.

१९३१ साली समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षपदावरून कॅबटांनी आपल्याच सहकाऱ्यांना आवाहन केले, की आपल्या कामाचे फळ मोजा. डॉक्टरांना शवविच्छेदनाचा आरसा होता, समाजसेवेला तसा आरसा नव्हता. तीनच वर्षांनी शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या हार्वर्डच्या दांपत्याने बॉस्टनच्या बालन्यायालयातून गेलेल्या एक हजार मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. तपासणी, सल्ला, न्यायालयाची देखरेख, सगळे होऊनही पाच वर्षांत ८८ टक्के मुले पुन्हा गुन्ह्यांकडे वळली होती. कॅबटांनी यातून एक निष्कर्ष काढला. मदत उशिरा पोचते आणि तुटपुंजी असते. मुलगा लहान असतानाच त्याला एक जिव्हाळ्याचा, मोठा, भरवशाचा मित्र मिळाला आणि तो वर्षानुवर्षे पाठीशी राहिला, तर मुलगा वाचेल.

ही कल्पना कुणालाही पटावी अशी आहे. पटलेली गोष्ट तपासायला घेतली, यात कॅबटांचे मोठेपण.

मुलांच्या बाबतीत ही तपासणी मोठ्यांपेक्षा अवघड असते. मूल मुळात स्थिर नसते, ते वाढत असते. सहाव्या वर्षी अंधाराला घाबरणारा मुलगा दहाव्या वर्षी रात्री एकटा अंगणात जातो. ‘वय वाढले की खोड जाते’ ही आजीची समजूत पुष्कळदा खरी ठरते. मग उपचाराच्या काळात मूल सुधारले, तर श्रेय उपचाराला द्यायचे की वयाला? शिवाय बहुतेक पालक मुलाला घेऊन येतात ते सगळ्यात वाईट दिवसांत. सर्वांत वाईट दिवसांनंतर येणारे दिवस बहुधा थोडे तरी बरे असतात. म्हणजे कुणी काहीही केले नाही तरी पुढच्या भेटीत मूल थोडे बरे दिसण्याची शक्यता मोठी. या दोन्ही गोष्टी वगळून उपचाराचा वाटा तेवढा पाहायचा, तर उपचार न मिळालेली पण अगदी तशीच मुले शेजारी उभी करावी लागतात.

कॅबटांनी नेमके हेच केले. बॉस्टनला लागून असलेली केंब्रिज आणि सॉमरविल ही कारखान्यांची, दाट वस्तीची गावे. १९३५ च्या सुमारास तयारी सुरू झाली. शाळा, धर्मादाय संस्था, चर्च आणि पोलीस यांच्याकडून बारा वर्षांखालच्या मुलांची नावे मागवली गेली. केवळ वांड मुलांना वेचून घेतले, असा शिक्का बसू नये म्हणून साध्यासरळ मुलांची नावेही घेतली. घरोघरी जाऊन माहिती जमवली. मग वय, बुद्धी, घरची स्थिती आणि वागणूक पाहून मुलांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतले दोघे शक्य तितके सारखे असावेत, यासाठी मोठी मेहनत घेतली गेली. आणि शेवटी नाणे उडवले. जोडीतल्या एकाला समुपदेशक मिळाला. दुसऱ्याकडून फक्त माहिती घेतली गेली.

नाणे उडवणे पहिल्यांदा ऐकताना निष्ठुर वाटते. मलाही वाटले होते. पण नाण्याला कोणाची आई काळजी घेणारी आहे हे ठाऊक नसते. कोणता मुलगा गोड हसतो, कोणाचे वडील पितात, कोण सुधारण्यासारखा दिसतो, हेही ठाऊक नसते. माणसाने निवड केली असती तर नकळत एखादा आशादायक मुलगा उपचाराकडे सरकला असता आणि पुढे सारा गुण उपचाराच्या नावावर जमा झाला असता. जोडी लावताना आपल्याला दिसलेले फरक समान करता येतात. न दिसलेले फरक दोन्ही बाजूंना सारखे वाटण्याचे काम नाणेच करू शकते. शिवाय नाणे उडाले नसते तर उरलेल्या मुलांना समुपदेशक मिळणार होते असेही नव्हते. माणसे आणि पैसा तेवढाच होता.

प्रत्यक्ष काम १९३९ साली रंगात आले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कॅबट वारले. पेरणी त्यांनी केली, पीक मात्र पाहिले नाही. समुपदेशक सरासरी महिन्यातून दोनदा मुलाच्या घरी जात. मुले पाच ते तेरा वर्षांची होती, निम्मी साडेदहाच्या आतली. जवळजवळ एकतृतीयांश मुलांच्या बाबतीत घरातल्या अडचणी हाच कामाचा मुख्य विषय झाला. निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासात मदत मिळाली. शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचारांची सेवा मिळाली. पाव मुलांना उन्हाळी शिबिरांना पाठवले गेले. बालवीर पथके आणि तरुणांच्या संस्थांशी बहुतेकांची ओळख करून दिली गेली. मधेच युद्ध पेटले, समुपदेशक सैन्यात जाऊ लागले, भार झेपेना म्हणून काही मुलांना कमी करावे लागले. १९४५ मध्ये काम थांबले तेव्हा दोन्ही बाजूंना २५३ मुले होती, एकूण ५०६. उपचारगटातल्या मुलाला सरासरी पाच वर्षे साथ मिळाली होती. आजच्या कोणत्याही बालमानसोपचार केंद्राला हेवा वाटावा इतका हा सहवास होता.

समुपदेशकांना विचारले, तर त्यांच्या मते सुमारे दोनतृतीयांश मुलांना ठोस फायदा झाला होता. मुलांपैकी निम्म्याहून अधिक म्हणत होती, की आम्हाला मदत झाली. जुन्या पद्धतीचा अहवाल इथेच संपला असता. पण शेजारी दुसरा गट उभा होता. एडविन पॉवर्स आणि हेलन विटमर यांनी १९५१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याला मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांची प्रस्तावना होती. न्यायालयाच्या नोंदी पाहिल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले. ज्यांना पाच वर्षे मित्र मिळाला त्यांच्यातली आणि ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांच्यातली जवळपास सारखीच मुले न्यायालयात उभी राहिली होती. गुण लहानपणी दिसत नाही, मोठेपणी दिसेल, अशी आशा तेव्हा अनेकांनी धरली.

याच सुमारास लंडनमध्ये हान्स आयझेंक यांनी मोठ्यांच्या मानसोपचारांवर तोच प्रश्न टाकला. १९५२ साली त्यांनी २४ अहवालांतील सात हजारांहून अधिक रुग्णांची बेरीज केली आणि म्हटले, की मनोविकाराचे सुमारे दोनतृतीयांश रुग्ण दोनेक वर्षांत तसेही बरे होतात, उपचारांमुळे यात भर पडल्याचे दिसत नाही. पाच वर्षांनी यूजीन लेव्हिट यांनी हा हिशेब मुलांसाठी केला. उपचार संपताना ६७ टक्के मुले सुधारलेली, पुढे काही काळाने पाहिले तर ७८ टक्के. आणि उपचार न घेतलेल्यांत ७२.५ टक्के. बालमार्गदर्शन केंद्रांत काम करणाऱ्यांवर हा आकडा घणासारखा आदळला.

पण लेव्हिट यांच्या तुलनेत एक मोठी फट होती. त्यांची ‘उपचार न घेतलेली’ मुले म्हणजे केंद्रात नाव नोंदवून, प्रवेश मिळूनही पुढे न आलेली मुले. ती का आली नाहीत? काही बरी झाली म्हणून आली नसतील. काहींचे घर स्वतःच सावरले असेल. काही घरे इतकी मोडली असतील, की मुलाला घेऊन यायला कोणीच उरले नसेल. ही मुले आलेल्या मुलांसारखीच होती, याची हमी देता येत नव्हती. टीकाकारांनी हेच दाखवले, आणि वाद वर्षानुवर्षे चालला. केंब्रिज-सॉमरविलच्या नाण्याची किंमत इथे कळते. लेव्हिटना जी हमी देता आली नाही, ती कॅबटांच्या नाण्याने आधीच देऊन ठेवली होती. त्या वादातून पुढच्या पिढीने एक मोलाची गोष्ट उचलली. ‘मानसोपचार चालतो का’ हा प्रश्नच ढोबळ आहे. कोणता उपचार, कोणी केलेला, कोणत्या त्रासाच्या मुलाला, कोणत्या परिस्थितीत, असे विचारायला हवे.

केंब्रिज-सॉमरविलच्या कागदांकडे १९५७ च्या सुमारास एक तरुण संशोधिका वळली. जोन मॅकॉर्ड. पुढे त्या अमेरिकेच्या गुन्हेशास्त्र संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९७५ नंतर त्यांनी त्या ५०६ मुलांचा पुन्हा शोध सुरू केला. मुले आता पन्नाशीकडे झुकलेली माणसे होती. शहरांच्या नोंदवह्या, वाहनांची नोंदणी, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदी धुंडाळत त्यांनी सुमारे ९५ टक्के माणसांचा माग काढला. तीस वर्षांनी इतक्या माणसांपर्यंत पोचणे ही चिकाटीची परमावधी होती.

१९७८ साली त्यांचा लेख आला. ज्यांना मदत मिळाली होती त्यांच्यापैकी दोनतृतीयांश माणसांनी लिहिले, की त्या कार्यक्रमाने आमचे भले केले. त्यांना आपला समुपदेशक आठवत होता. आणि नोंदी काय सांगत होत्या? किमान एक गुन्हा करणाऱ्यांची संख्या दोन्ही गटांत सारखीच होती. पण दुसऱ्यांदा गुन्हा करणारे उपचारगटात अधिक होते. दारूच्या व्यसनाची लक्षणे त्यांच्यात अधिक होती, गंभीर मनोविकार अधिक होते, रक्तदाब आणि हृदयविकारासारखे ताणाचे आजारही अधिक होते. त्यांना कामात समाधान कमी होते, आणि मृत्यूही लवकर आलेला दिसत होता. तपासलेल्या गोष्टींत जिथे जिथे ठोस फरक सापडला, तिथे तो उपचारगटाच्या विरोधात होता.

हे वाचताना मन बसते. पाच वर्षे चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने मुलांचा हात धरला, आणि त्यातून मुलांना अपाय झाला असावा. मॅकॉर्ड यांनी कारणांचा विचार केला. बाहेरच्या मदतीची सवय लागली आणि ती एकदम तुटली, असे झाले असेल. समुपदेशकांच्या सुस्थितीतल्या जगाची मूल्ये मुलांनी घेतली आणि आपल्या वस्तीत ती उपरी ठरली असतील. अपेक्षा वाढल्या आणि पुढच्या आयुष्याने त्या पुऱ्या केल्या नसतील. आपल्याला मदत हवी म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे, हेही मुलांच्या मनात रुजले असेल.

पुढच्या वर्षांत मॅकॉर्ड त्या जोड्या आणखी बारकाईने पाहत गेल्या. ज्या कुटुंबांनी कार्यक्रमाला मनापासून साथ दिली, त्यांच्याच मुलांत अपाय दिसला. मदत जास्त काळ आणि जास्त दाट मिळाली तिथे तो वाढला. सर्वांत जास्त हानी उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा गेलेल्या मुलांत होती. टॉमस डिशन यांच्यासोबत १९९९ साली लिहिलेल्या लेखात यावर प्रकाश पडला. अडचणीत असलेली मुले एकत्र आणली की ती एकमेकांच्या वांडपणाला दाद देतात, आणि त्या हशा-टाळ्यांतून वाईट सवय पक्की होते.

मॅकॉर्ड यांचेही निष्कर्ष पुढे तपासले गेले, आणि ते योग्यच झाले. २०१९ मध्ये ब्रँडन वेल्श आणि सहकाऱ्यांनी त्याच माणसांच्या मृत्यूच्या नोंदी पुन्हा पाहिल्या. तोवर बहुतेक जण वारले होते. अख्ख्या आयुष्याचा हिशेब केल्यावर दोन्ही गटांच्या मृत्यूंत ठोस फरक उरला नाही. ‘लवकर मृत्यू’ ही ओळ कालांतराने पुसट झाली, बाकीचा इशारा उभा राहिला. एका नाणेफेकीचा हिशेब ऐंशी वर्षे चालू राहिला, याचे मला फार महत्त्व वाटते. मुलाचे भले झाले का, याचे उत्तर सहा आठवड्यांत पूर्ण मिळत नाही.

या अनुभवाने बालमानसोपचारांच्या संशोधनाला शिस्त लागली. एक शिस्त साक्षीदारांची. मोठा माणूस स्वतःचा त्रास सांगत उपचाराला येतो, मुलाला दुसरे कोणीतरी आणते. मग सुधारणा कोणी सांगायची? थॉमस अॅकेनबाक यांनी पालक, शिक्षक आणि मूल यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रश्नावल्या तयार केल्या. १९८७ साली त्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलाचे स्वतःचे उत्तर आणि इतरांचे उत्तर यांतला मेळ अवघा ०.२२ निघाला. पूर्ण मेळ असता तर तो १ आला असता. आईला दिसणारा मुलगा आणि बाईंना वर्गात दिसणारा मुलगा खरोखर वेगळे असतात. म्हणून आज चांगला अभ्यास एकाच साक्षीवर थांबत नाही, आणि कोणाला उपचार मिळाला हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून तपासणी करून घेतो.

दुसरी शिस्त उपचाराच्या वर्णनाची. प्रत्येक समुपदेशक आपापल्या पद्धतीने वागला, तर नेमके कशाने काय झाले हे सांगता येत नाही. फिलिप केंडल यांनी १९९४ साली फिलाडेल्फियात ९ ते १३ वर्षांच्या ४७ चिंताग्रस्त मुलांचा अभ्यास केला. त्यात भेटींचा क्रम आणि प्रत्येक भेटीतले काम पुस्तिकेत लिहिलेले होते. काही मुलांना लगेच उपचार मिळाले, काहींना प्रतीक्षायादीवर ठेवून नंतर दिले. उपचारांनंतर ६४ टक्के मुलांत मूळ चिंताविकार उरला नाही. थांबलेल्यांत असा फरक एखाद्याच मुलात पडला. लेव्हिट यांच्या आकड्यांनी खचलेल्या क्षेत्राला इथे खरा दिलासा मिळाला.

तरी दिलाशाला मर्यादा होत्या. विद्यापीठातल्या अभ्यासात मुले निवडून घेतलेली असतात आणि उपचारक ताजे प्रशिक्षित. जॉन वाइझ यांनी दाखवले, की रोजच्या दवाखान्यातले नेहमीचे उपचार तपासले तर परिणाम फारच क्षीण दिसतो. २०१७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच दशकांतले ४४७ अभ्यास एकत्र केले, त्यांत तीस हजारांवर मुले होती. उपचार मिळालेले मूल तुलनेच्या गटातल्या मुलापेक्षा बरे असण्याची शक्यता निघाली ६३ टक्के. उपचार निरुपयोगी असता तर ती ५० असती, म्हणजे निव्वळ छापा-काटा. चिंतेच्या बाबतीत गुण चांगला, नैराश्याच्या बाबतीत कमी. हा आकडा कुणाला लहान वाटेल. मला तो प्रामाणिक वाटतो.

हा धागा आपल्या दाराशीही आला आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने हीच शिस्त आपल्या मुलांसाठी वापरली. स्वमग्न मुलांच्या पालकांना साध्या कार्यकर्त्यांकरवी शिकवण्याचा एक प्रयोग गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवर झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला ओळखून प्रतिसाद देणे पालकांना अधिक जमू लागले, मुलेही आपण होऊन संवाद सुरू करू लागली. पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी झाला, आणि संशोधकांनी तेही छापले. दिल्लीच्या सरकारी शाळांतल्या सुमारे २५० मुलामुलींवरच्या प्रयोगात, फक्त पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा पुस्तिकेसोबत प्रशिक्षित समुपदेशक मिळालेल्यांचे रोजचे प्रश्न अधिक हलके झाले. मनोविकाराच्या लक्षणांवर मात्र सहा आठवड्यांत तसा फरक दिसला नाही. हेही २०२० साली स्पष्टपणे लिहिले गेले.

आपल्याकडे आज शाळाशाळांत समुपदेशन सुरू होत आहे, शिबिरे भरत आहेत, संस्था निघत आहेत. त्यात काम करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. कॅबटांचे समुपदेशकही तितक्याच कळकळीने त्या घरांची दारे ठोठावत होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की मुलांचे आभार आणि पालकांचे समाधान नोंदवून वही मिटू नका. शेजारी तुलनेचा गट ठेवा, नावे जपा, पाच वर्षांनी पुन्हा विचारा.

आणि त्या दुसऱ्या २५३ मुलांना आठवा. नाणे त्यांच्या बाजूने पडले नाही. त्यांना ना शिकवणी मिळाली, ना शिबिर, ना महिन्यातून दोनदा घरी येणारा मोठा मित्र. त्यांनी फक्त आपली माहिती दिली, आणि पन्नाशीकडे झुकल्यावरही विचारणाऱ्यांना उत्तरे दिली. कोणता हात मुलाला सावरतो आणि कोणता नकळत इजा करतो, हे आज आपल्याला थोडेफार ओळखता येते. ती ओळख त्या मुलांनी आपल्याला दिली.